ग्रॅव्हलकर

शनिवारी रात्री जो माणूस "उद्या येताय ना?" असं विचारतो आणि तुमचं उत्तर यायच्या आत "पावणेपाचला गेटवर" म्हणून मोकळा होतो, तो तुमच्या ओळखीचा आहेच. कुठे तो ट्रेकवाला असतो, कुठे मॅरेथॉनवाला. आमच्या बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या वाट्याला खडीवाला आला, म्हणजे खडीच्या वाटांवर सायकल हाणणारा. खरं आडनाव कोल्हापूरकडचं, चांगलं भारदस्त आहे. पण इथली मराठी मंडळी त्यांना ग्रॅव्हलकरच म्हणतात. गणपतीच्या वर्गणीची पावतीसुद्धा एकदा त्याच नावाने फाडली गेली. ती त्यांनी जपून ठेवली आहे.

ग्रॅव्हलकर काही काळ इंग्लंडात, रेडिंगला ऑनसाइट होते. तिकडून माणसं चॉकलेटं आणतात. हे तिथले चढउतार घेऊन आले. रेडिंगवरून 'किंग आल्फ्रेड्स वे' नावाची साडेतीनशे किलोमीटरची सायकलवाट जाते. २०२० साली ती आखली गेली. विंचेस्टरहून निघायचं आणि खडूच्या टेकड्या, मेंढ्यांची कुरणं, जुन्या घोडवाटा करत पुन्हा विंचेस्टर गाठायचं. चढ असे, की चढतोय हे पोटऱ्यांना कळतं, मनाला कळत नाही. (हे वाक्य त्यांचं. माझ्या पोटऱ्या आणि माझं मन यांच्यात एवढा दुरावा नाही.) कच्च्या वाटांवर सायकल घालणाऱ्यांचा 'रफ-स्टफ फेलोशिप' हा क्लब इंग्रजांनी १९५५ सालीच काढला. त्या वेळी आपली माणसं संयुक्त महाराष्ट्राच्या मागे लागली होती, याची ग्रॅव्हलकरांना अजून थोडी खंत आहे.

आता हवेचं सांगतो. रस्त्यावर पळायच्या सायकलीत शंभर पीएसआयपर्यंत हवा भरतात. तसलं टणक टायर डांबरावर सुसाट जातं, खडीवर मात्र टणाटण उडतं. टायर चाळीस मिलिमीटर जाड घेतलं आणि हवा पस्तिसाच्या आसपास आणली, की ते दगडाला जरा कवेत घेऊन पुढे सरकतं. शास्त्र एवढंच. पण ते समजल्यापासून ग्रॅव्हलकरांना जगात सगळीकडे हवा जास्त दिसू लागली. भेटले की आधी तुमच्या टायरवर अंगठा दाबणार, मग नमस्कार. माझी स्कूटर दाबून झाली, शेजाऱ्यांच्या नातवाची बाबागाडी दाबून झाली. मुलगा दहावीत आणि तीन क्लास लावलेत म्हटलं, तर म्हणाले, "हवा जास्त आहे. कमी करा." सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून दोन गृहस्थ एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा मागच्या खुर्चीतून शांत आवाज आला, "दोघांचीही दहा-दहाने उतरवा." सेक्रेटरींना वाटलं, पाण्याच्या पंपाबद्दल चाललंय. त्यांनी तशी नोंद केली, अंमलबजावणीही केली. वरच्या मजल्यांना आठवडाभर पाणी चढलं नाही. एका बारशाला टम्म फुगलेल्या पुरीवर अंगठा ठेवून हा माणूस बराच वेळ विचारात पडलेला मी पाहिला आहे.

एका रविवारी मी त्यांच्या तावडीत सापडलो. आनेकलच्या पलीकडे, तमिळनाडूच्या हद्दीत थळी नावाचं गाव आहे. गार हवा आणि लाटांसारखी जमीन पाहून इंग्रजांनी त्याला 'लिटल इंग्लंड' म्हटलं होतं. हे कळलं त्या दिवशी ग्रॅव्हलकरांनी म्हणे वहिनींना पेढे आणायला लावले. कोलंबस भारत शोधायला निघाला आणि भलत्याच किनाऱ्याला लागला. हे बोम्मसंद्र्याहून निघाले आणि थेट इंग्लंडात!

अंधारातच निघालो. औद्योगिक वसाहतीत पहाटेची पाळी भरत होती. ओडिशा-बिहारकडची पोरं साध्या काळ्या सायकलींवर, हँडलला डबा अडकवून, कारखान्यांमागच्या कच्च्या वाटेने शॉर्टकट मारत होती. दीड लाखाच्या सायकलीला घंटी वाजवून एकजण आम्हाला चढावर मागे टाकून गेला. त्याच्या पायात रबरी चप्पल होती. ग्रॅव्हलकर त्याच्या पाठमोऱ्या चाकाकडे बघून म्हणाले, "हवा जास्त आहे त्याची. दमेल." तो दमला नाही. वेळेत पोचला नाही तर हजेरी कापतात, असल्या माणसाला दमायची सोय नसते.

आनेकल मागे पडलं. तांबडी माती, नाचणीची शेतं, निलगिरीची बनं, मधूनच गुलाबांची पांढरी हरितगृहं. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. पण ग्रॅव्हलकरांच्या डोळ्यांपुढे विंचेस्टर. इंग्लंडात घोडवाटेवर लागणारं फाटक आपण उघडलं की आपणच लावायचं, ही तिथली रीत. त्यांनी इथेही वाटेतला काट्यांचा झाप दिसला की उतरून नीट लावायला सुरुवात केली. एक झाप एका म्हाताऱ्या धनगराने शेळ्या आत घ्यायला नुकताच सरकवून ठेवला होता. निम्म्या शेळ्या आत, निम्म्या बाहेर आणि मधे ग्रॅव्हलकर, इंग्लंडची शिस्त राखत. धनगर जे बोलला ते कन्नड होतं की तेलुगू मला कळलं नाही, पण त्यात हवा बऱ्यापैकी होती.

पुढे वनखात्याच्या माणसाने काठी आडवी धरून थांबवलं. नाचणी काढायच्या दिवसांत बन्नेरघट्ट्याच्या बाजूने हत्तींची ये-जा सुरू होते. रात्री आलेला कळप अजून वर सरकला नव्हता. आम्ही दगडावर बसून राहिलो, तेव्हा ग्रॅव्हलकरांनी मला १९६८चा इंग्लंडचा कंट्रीसाइड अॅक्ट समजावून सांगितला: घोडवाटेवर सायकल नेता येते, मात्र पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. हत्तीबद्दल काय, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी माझ्या पुढच्या टायरवर अंगठा दाबला.

थळी त्या दिवशी राहिलंच. परतताना सराट्याने माझं चाक पंक्चर केलं आणि मला या माणसाचा खरा राग यायच्या ऐन वेळी एक घोटाळा झाला. ते चाक काढून बसले, तर शेतातून एक आजी आल्या आणि त्यांनी ग्रॅव्हलकरांना चक्क ओरडून हाक मारली. मागच्या खेपेला इथेच बसून हे त्यांच्या नातवाची सायकल दुरुस्त करत होते म्हणे. दोघं कन्नडमध्ये बोलत सुटले. बोअरवेल, नातवाचं कॉलेज, यंदाच्या अवरेच्या शेंगा. ग्रॅव्हलकरांचं कन्नड मोडकं, पण बेधडक. इतकी वर्षं इथे राहून आमच्या सोसायटीतल्या बहुतेकांची भाषा 'स्वल्प' आणि 'बेडा' यांच्यापुढे गेलेली नाही. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे कोण राहतं, काय पिकवतं, कुठल्या तळ्यात आता पाणी नसून फेस आहे, हे आमच्यात ठाऊक असलेला हा एकच इसम. शेंगांची पिशवी हँडलला बांधताना ते सहज म्हणाले, "आमच्या बाबांच्या सायकलला दुधाच्या किटल्या असायच्या. पावसाळ्यात पाणंदीतून डेअरीपर्यंत ढकलत न्यायचे. हवा कमी करायचं त्यांना कुणी सांगितलंच नाही हो." पुढे तासभर ते काही बोलले नाहीत आणि मीही हवेचा विषय काढला नाही.

या खडीचं एक गुपित मात्र मला त्याच रस्त्यावर कळलं. शेतातून रुंद, सरळ, रोलर फिरवलेली वाट दिसली की ती शेतकऱ्याने केलेली नसते. आधी नाचणी जाते, मग दगडी खुंट येतात, मग खडी, मग कमान, आणि कमानीवर एखादं इंग्लिश खेड्यासारखं नाव. २०२५च्या ऑगस्टमध्ये बोम्मसंद्र्यापर्यंत मेट्रो आली आणि आमच्याकडे या कमानी पाडव्याच्या गुढ्यांसारख्या उभ्या राहिल्या. ग्रॅव्हलकरांची आवडती वाट म्हणजे पुढच्या वर्षीचा प्लॉटांचा लेआउट, असं जवळपास समीकरणच आहे. त्यांच्या फोनमधले नकाशे एखाद्या दलालाच्या हाती लागले तर तो त्यांना कमिशन देईल.

आणि गेल्या महिन्यात त्यांनीच तिथे प्लॉट घेतला. आजींच्या शेताला लागून, तीस बाय चाळीस, पंधरा वर्षांचं कर्ज. आजींच्या नातवानेच विकायला काढला होता. पैसे हवेत, कॉलेज खासगी आहे. वहिनी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तरी सांगा. एवढ्या हप्त्यात इंदिरानगरला भाड्याने राहिलो असतो." मी ग्रॅव्हलकरांना गाठलं. ते लेआउटवाल्यांच्या कार्यालयात निघाले होते, हातात अर्ज. प्लॉटसमोरच्या रस्त्याचं डांबरीकरण कृपया करू नये, खडी आहे तशीच राहू द्यावी, अशी नम्र विनंती.

प्लॉटधारकांचे पाण्याचे, विजेचे, गटाराचे अर्ज तिथे गठ्ठ्यांनी पडून आहेत. हा अर्ज त्याच दुपारी मंजूर झाला.