फाइलकाका

सोसायटीत पाणी आलं नाही तर लोक सेक्रेटरीला फोन करतात, कुणाला चक्कर आली तर तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना. पण कुणाचं पोर आईबापांशिवाय परदेशी निघालं, की फोन करावा लागत नाही. फाइलकाका आपणहून बेल वाजवतात.

"संमतिपत्र केलंत?" हा पहिला प्रश्न. अभिनंदन नंतर, चहा झाल्यावर, आठवलं तर.

तुम्ही भाबडेपणाने म्हणता, "कसलं संमतिपत्र? शाळाच नेतेय. दोन मॅडम आहेत बरोबर." संपलं. काका चपला काढून आत येतात आणि काखेतली बॉक्स फाइल टीपॉयवर ठेवतात.

हे काका आमच्या कोथरूडात आहेत तसे ठाण्यात, डोंबिवलीत आणि नाशिकच्या कॉलेज रोडलाही आहेत. आमचे काका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मुरलेले. दोन जामीनदार आणल्याशिवाय त्यांनी सख्ख्या मेव्हण्यालाही स्कूटरचं कर्ज दिलं नाही, आणि मेव्हणा अजून ते विसरलेला नाही. तोंडी बोलण्यावर त्यांचा विश्वास नाही, साध्या कागदावर थोडाफार आहे, शिक्क्यावर मात्र पूर्ण आहे. म्हणूनच २०१६च्या डिसेंबरात सरकारने अल्पवयीनांच्या पासपोर्टसाठी आईबापांचं 'ॲनेक्झर डी' साध्या कागदावर चालेल, नोटरी नको, असं जाहीर केलं, तेव्हा सगळे खूश झाले आणि काका दोन दिवस जेवले नाहीत. "साध्या कागदावर? मग वाण्याची यादीपण चालेल!"

अभ्यास मात्र खरा. दक्षिण आफ्रिकेने जून २०१५पासून मुलांसाठी सविस्तर जन्मदाखला आणि बरोबर नसलेल्या पालकाची लेखी संमती मागायला सुरुवात केली आणि लोकांना विमानतळावरून परत फिरावं लागलं, ही कथा ते सिंगापूरला निघालेल्या मुलीच्या आईला सांगतात. पुढे २०१९मध्ये तो नियम बराच सैल झाला, हा भाग ते गाळतात. कॅनडा म्हणतो, पत्र जवळ असलेलं बरं. अमेरिकाही तेच म्हणते. शेंगेन व्हिसाला मात्र दोघांच्या सह्या लागतातच. वर बारा वर्षांपुढच्या मुलाला व्हिसाची फी मोठ्या माणसाची. "पैसे मोठ्याचे, सही आईबापांची!" असं म्हणून काका खूश होऊन आपणच हसतात.

एवढा आटापिटा कशासाठी, हेही ते समजावतात. नवराबायकोचं फाटलं की एकजण मुलाला घेऊन दुसऱ्या देशात जातो, मागे राहिलेला कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. त्यासाठी हेगला १९८०मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात भारत सामील नाही, त्यामुळे परदेशातले अधिकारी कधी दोन प्रश्न जास्त विचारतात. मुलांची तस्करी हे दुसरं कारण. गोष्ट गंभीर आहे आणि कागद मागणारे मूर्ख नाहीत, हे इथे मी काकांच्या बाजूने नोंदवतो. पण सांगण्याची त्यांची पद्धत वेगळी. चौथ्या मजल्यावरच्या सुखी जोडप्याला त्यांनी समोरासमोर विचारलं, "समजा, उद्या तुमच्यापैकी एकजण मुलाला घेऊन पळाला तर?"

नवरा गोंधळला. बायको शांतपणे म्हणाली, "पळायचंच झालं तर मी एकटी जाईन."

तर असे हे काका. आणि मग त्यांच्याच अकरावीतल्या चिरंजीवांची शाळेच्या एक्स्चेंज प्रोग्रॅममध्ये निवड झाली. तीन आठवडे जर्मनी. आतापर्यंत दुसऱ्यांच्या पोरांची कागदपत्रं झाली, आता घरचा माल बाहेर चालला.

संमतिपत्राचा शाळेने दिलेला नमुना सहा ओळींचा होता. आम्ही अमुक आणि तमुक, मुलाचं नाव, पासपोर्ट नंबर, तारखा, कुणाबरोबर चाललाय, आमची हरकत नाही, खाली सह्या आणि फोन. काकांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि नवा मसुदा करायला बसले. शुक्रवार रात्रीपासून रविवार दुपारपर्यंत तो तीन पानांचा झाला. "आमची हरकत नाही" हे वाक्य दुसऱ्या पानाच्या तळाला होतं, आणि त्याच्या मागेपुढे फक्त हरकती होत्या. जर्मनीला नऊ देशांच्या सीमा लागतात, हे नकाशात दिसल्यावर त्यांनी डेन्मार्कपासून नेदरलँड्सपर्यंत नवांचीही नावं घातली. "पोरगं ट्रेनमध्ये झोपलं तर? डोळे उघडायचे ते थेट बेल्जियममध्ये. तिथे संमती नको?"

त्यातच तिकडच्या शाळेचा फॉर्म आला. जर्मन माणूस प्रश्न विचारताना आडपडदा ठेवत नाही. मुलाला पोहता येतं का? टिळक तलावावर दोन उन्हाळे पैसे भरले होते, त्यामुळे 'नाही' लिहायला जीव होईना. काकांनी लिहिलं, "येतं. पण पोहू देऊ नये." मुलाला छोट्या गटात, शिक्षकांशिवाय, शहरात फिरण्याची परवानगी आहे का? ज्या मुलाला सातनंतर कर्वे रोड एकट्याने ओलांडायची परवानगी नाही, त्याच्याबद्दल हा प्रश्न. फॉर्म आठवडाभर देवघरापाशी पडून होता. शेवटी 'होय'वर खूण झाली आणि समासात बारीक अक्षरात भर पडली, "गटात किमान एक मुलगा शहाणा असावा."

पण खरा भूकंप वेगळाच झाला. सोळा वर्षं पूर्ण झाली की जर्मनीत बिअर आणि वाइन कायद्याने घेता येते, हे काकांना कुणीतरी सांगितलं. कुणी ते सांगणार नाही, कारण तो मीच होतो आणि मला त्याच सोसायटीत राहायचंय. रात्री अकराला त्यांनी मुलाला हॉलमध्ये बोलावलं.

"तुला हे माहीत होतं?"

"काय?"

"बिअरचं."

"बाबा, मला ताकानेसुद्धा सर्दी होते."

हे उत्तर खरं होतं, पण नोटराइज्ड नव्हतं. मसुद्यात एक कलम वाढलं.

मग काकूंची सही. लग्नात काकांनी तांदळाच्या ताटात अंगठीने काकूंचं नाव लिहिलं होतं, माहेरचं सोडून नवंच. ते मोठं प्रेमाने निवडलं होतं, असं ते दर वाढदिवसाला सांगतात. त्या प्रेमाचा हिशेब आता लागला. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव, पासपोर्टवर दहावीच्या सर्टिफिकेटमुळे माहेरचं, आणि गॅझेटात नाव बदलून घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. शिक्क्यांच्या या भक्ताच्या घरात कागदोपत्री दोन बायका निघाल्या. दोघी एकच आहेत, असं आणखी एक प्रतिज्ञापत्र आलं. काकू पेन उघडून बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, यातल्या कुठल्या बाईची सही करू, ते एकदा सांगा."

शिवाजीनगर कोर्टापाशी नोटरी वकील टेबलखुर्ची टाकून बसतात. टेबलावर जाडजूड रजिस्टर, गोल शिक्का, शाईचा पॅड, तिकिटं आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला स्टीलचा डबा. डब्यात पोळीभाजी. वकीलसाहेबांनी तिन्ही पानं वाचली आणि विचारलं, "साहेब, हे संमतिपत्र आहे की मृत्युपत्र?" १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर एवढं मावणार नव्हतं. बरीच घासाघीस होऊन मजकूर एका पानावर आला. पोहणं गेलं, शहाणा मुलगा गेला, बिअर गेली. नऊ देशांवर मात्र काका अडून बसले आणि ते राहिले. रजिस्टरमध्ये सह्या घेताना वकीलसाहेबांनी काकूंना रिवाजाप्रमाणे विचारलं, "ताई, तुमची संमती आहे ना?" काकू पेन हातात धरून जरा थांबल्या. म्हणाल्या, "हे घरात कुणी विचारत नाही हो." आणि सही केली, पासपोर्टवरच्या बाईची.

प्रती पाच. एक सॅकमध्ये, एक बॅगेत, एक गळ्यातल्या पाऊचमध्ये, एक मॅडमकडे, एक काकांकडे. स्कॅन व्हॉट्सॲपवर. मुंबई विमानतळाच्या गेटवर मुलाने हात हलवला. काकांनी छातीवर बोट ठेवून पाऊच आत घालायची खूण केली, मग त्यांनीही हात हलवला. पहाटेपर्यंत फोन उशाशी होता.

"इमिग्रेशनला पत्र दाखवलंस?"

"हो."

"काय म्हणाले?"

"नेक्स्ट."

काकांना हे लागलं. दुपारी फ्रँकफर्टहून मेसेज आला. "बाबा, इथे अख्खं वाचलं. ऑफिसरने मॅडमना विचारलं, हा लक्झेंबर्गला कशाला चाललाय?" हा मेसेज काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "जर्मनी हा देश उगाच पुढे गेलेला नाही."

मुलगा तीन आठवड्यांनी सुखरूप आला. वजन दोन किलो वाढलेलं, पाऊच न उघडलेला. आता तो इंजिनिअरिंगला आहे, अठरा पूर्ण झालीत आणि कॉलेजकडून एका स्पर्धेसाठी व्हिएन्नाला निघालाय. गेल्या आठवड्यात काका पुन्हा शिवाजीनगरला गेले. मला बरोबर नेलं होतं, साक्षीदार लागला तर असावा म्हणून. ऑक्टोबर २०२४पासून १००चा स्टॅम्प गेला आणि ५००चा आला, तोही त्यांनी आधीच आणून ठेवला होता.

वकीलसाहेबांनी जन्मतारीख पाहिली आणि पेन खाली ठेवलं. "साहेब, मुलगा सज्ञान झालाय. त्याला आता तुमची संमती लागत नाही."

"त्याला लागत नाही, मला ठाऊक आहे," काका म्हणाले. "मला द्यायचीय."

"पण कुणी विचारणार नाही हो."

"विचारलं तर?"

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं. मग त्यांनी उसासा टाकून रजिस्टर पुढे ओढलं. "बरं, सांगा. देश, ऑस्ट्रिया."

"आणि शेजारचे आठ," काका म्हणाले. "लिख्टेनश्टाइनपासून घ्या. स्पेलिंग मी सांगतो."