सोळाशेच्या आतले महारथी

बुद्धिबळात हरायलाही डोकं लागतं. पटत नसेल तर ‘बिलो 1600’ स्पर्धांकडे बघा. 1600 च्या आत मानांकन असलेल्यांसाठी तिथे लाखांत बक्षिसं असतात. मग 1590 वर पोहोचलेला एखादा गुणी खेळाडू बिनपैशाच्या स्पर्धेत शाळकरी पोराकडूनही घोडा मारून घेतो. बक्षीस मोठं असलं, की त्यालाच सिसिलियन बचाव पंधराव्या चालीपर्यंत तोंडपाठ!

1 मार्च 2024 ला ‘फिडे’ या जागतिक बुद्धिबळ महासंघाने किमान मानांकन 1000 वरून 1400 केलं आणि 2000 च्या खालच्या सर्वांना एकरकमी गुण वाटले. 1334 वाला रात्रीतून 1600 वर. पोरगं एक चालही न खेळता वर चढलं आणि घरात सुतक! ‘बिलो 1600’चं दार बंद झालं ना. (एरवी हेच पालक एकेका गुणासाठी पंचांशी भांडतात.)

अमेरिकेतल्या बुद्धिबळ संघटनेने मुद्दाम हरण्याचा हा रोग ओळखून मानांकन किती घसरू द्यायचं यालाच तळ घातला आहे. गटात घसघशीत बक्षीस मारलं की हा तळ आणखी वर.

आयोजकहो, प्रवेश देताना खेळाडूचं आजचं नव्हे, आजवरचं सर्वोच्च मानांकन तपासा. हरण्याचा उत्साह आपोआप ओसरेल.