‘गिरणी लूक’

गिरणगावातली खानावळवाली कामगाराला महिनाभर उधारीवर जेवू घालायची: भाकरी, सुका जवळा, पगाराच्या दिवशी मटणाचा रस्सा. या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. पुढे १९८२चा संप झाला. गिरण्या बसल्या, खानावळीही बसल्या.

आता लोअर परळला तशाच एका बंद गिरणीच्या आवारातल्या हॉटेलात, मुद्दाम गिलावा खरवडलेल्या भिंतीखाली, काळ्या दगडावर भाकरीचे चार त्रिकोण येतात. वर बोटभर ठेचा. त्याचे पैसे वेगळे. याला म्हणे ‘गिरणी लूक’. (चिमणीचे फोटो मात्र फुकट.) उधारीचं विचारलं तर वेटर अदबीनं कार्डाचं यंत्र पुढे करतो. त्याचा आजा बहुधा इथेच साच्यावर असेल. हा शेवटची लोकल पकडून नालासोपाऱ्याला जातो. त्याच्याही जेवणाच्या डब्यात भाकरीच असते, पण पूर्ण गोल.