सुवर्णमहोत्सवी पेटीशास्त्र

तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून रॉक संगीताला दीर्घ, सलग आणि प्रसंगी आत्ममुग्ध रचनांकडे नेणाऱ्या ज्या ब्रिटिश प्रवाहाला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, त्याने जगाला दोन गोष्टी दिल्या: एकाच संकल्पनेभोवती गुंफलेला अल्बम आणि त्या अल्बमची वर्धापनदिन-पेटी. पहिलीचा बहर 1970च्या दशकातच ओसरला. दुसरीला मात्र अद्याप ओहोटी ठाऊक नाही.

पिंक फ्लॉइड या बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम या पेटीशास्त्रातील प्रमाणग्रंथ होय. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित होऊन मार्च 1973 मध्ये प्रकाशित झालेली ही सुमारे 43 मिनिटांची कृती दुर्दैवाने तेव्हाच पूर्ण झाली होती, आणि हा मूळ दोष दूर करण्याचे कार्य त्यानंतर दर दशकाला निष्ठेने पार पडत आले आहे. 2003 मध्ये जेम्स गथ्री यांनी तिचे 5.1 मिश्रण सिद्ध केले, म्हणजे श्रोत्याभोवती मांडलेले पाच ध्वनिवर्धक आणि केवळ खर्जासाठी राखलेला सहावा यांत मूळचे आवाज वाटून दिले. 2011च्या ‘इमर्शन’ पेटीत, संगीत कमी पडू नये या काळजीपोटी, एक स्कार्फ, पेल्याखाली ठेवायच्या चकत्या आणि काचेच्या गोट्या घालण्यात आल्या. गोट्यांचे सांगीतिक प्रयोजन विद्वानांना अद्याप उलगडलेले नाही. त्या रीमास्टर केलेल्या नव्हत्या, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

रीमास्टर करणे म्हणजे तयार मिश्रणातील आवाजाची पातळी आणि खर्ज-तार स्वरांचा तोल पुन्हा जुळवणे. 2023च्या सुवर्णमहोत्सवी पेटीत असे नवे रीमास्टर तर होतेच, शिवाय 2003चे तेच 5.1 मिश्रण आणि 2011च्या पेटीत येऊन गेलेली 1974ची वेम्बली येथील मैफलही होती. त्यामुळे ज्या सद्गृहस्थांनी मागील दोन्ही महोत्सव निष्ठेने साजरे केले, त्यांना आपल्याच कपाटातील ऐवज पुन्हा विकत घेण्याचा दुर्मीळ मान मिळाला. नवीन होते ते अ‍ॅटमॉस मिश्रण, ज्यात आवाज डोक्यावरूनही येतो आणि ज्याचा पुरता आस्वाद घेण्यासाठी छतालाही ध्वनिवर्धक टांगावे लागतात. हौसेला मोल नसते, असे म्हणतात, पेटीला असते.

नाण्यांच्या खणखणाटाने सुरू होणारे, सात मात्रांत चालणारे आणि धनलोभाची टर उडवणारे ‘मनी’ हे गाणे प्रत्येक पेटीत असते, आणि ते वगळावे असे कोणत्याही कंपनीला आजवर सुचलेले नाही. त्याच 2023 सालात बँडचे माजी सदस्य रॉजर वॉटर्स यांनी जुन्या सहकाऱ्यांना वगळून संपूर्ण अल्बम नव्याने ध्वनिमुद्रित केला आणि महोत्सवाच्या आनंदात भावकीच्या तंट्याचीही भर घातली.

या साऱ्या आवृत्त्यांच्या गर्दीत मूळ कृतीविषयीची एकच दुरुस्ती खरोखर मोलाची ठरते. याच अल्बमातील ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या गाण्यातले शब्दविरहित गायन क्लेअर टोरी यांनी 1973 मध्ये अवघ्या 30 पौंडांच्या मानधनावर केले होते आणि रचनाकार म्हणून त्यांचे नाव तबकडीवर नव्हते. 2005 नंतरच्या आवृत्त्यांवर ते दिसते; पण ते कोणत्याही वर्धापनदिनामुळे नव्हे, तर टोरी यांनी 2004 मध्ये दावा दाखल केल्यामुळे.