पन्नास लाख डॉलरचा स्वल्पविराम

इंग्रजीचे मास्तर सांगतात, वाचताना जिथे दम घ्याल तिथे स्वल्पविराम द्या. म्हणजे दमेकऱ्याचं इंग्रजी सर्वांत शुद्ध! अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायदेमंडळाचा दम मात्र दांडगा. ओव्हरटाइमचा वाढीव दर कोणत्या कामांना नाही, याची यादी कायद्यात होती: डबाबंद करणं, सुकवणं, साठवणं वगैरे, आणि शेवटी ‘पाठवणीसाठी पॅकिंग किंवा वितरण’. या ‘किंवा’आधी स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, वगळलंय ते पॅकिंग, मग ते पाठवणीसाठी असो की वितरणासाठी. आम्ही खोक्याला हात लावत नाही, फक्त माल पोचवतो, तेव्हा काढा पैसे! २०१७ मध्ये अपील न्यायालयाने संदिग्धतेचा फायदा त्यांना दिला. २०१८ मध्ये डेअरीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. आमच्या परीक्षेत त्याच चुकीला अर्धा गुण कापतात. गंमत म्हणजे तो स्वल्पविराम चुकून राहिलेला नव्हता. मेनच्या कायदे-लेखनाच्या नियमपुस्तिकेतच अशा जागी तो देऊ नका, असं बजावलेलं होतं. (ऑक्सफर्डचा छापखाना म्हणतो, द्याच.) पुढे कायदेमंडळाने कलम सुधारलं आणि यादीभर अर्धविराम पेरून ठेवले.