तेहतीस कोटी देव, तेवढीच झाडं

2019 च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने 33 कोटी झाडं लावायचा पण केला. आकडा निवडणाऱ्याला दाद द्यायला हवी. आपल्याकडे देवही तेहतीस कोटीच, आणि त्यांची शिरगणती करा असं कुणी म्हणत नाही. त्यात 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणानं देशाचा एक तृतीयांश भूभाग, म्हणजे 33 टक्के, झाडांखाली असावा असं सांगून ठेवलंय. धर्म आणि धोरण एकाच आकड्यात उरकलं.

त्याआधीची चढण पाहा. 2016 साली 2 कोटी, 2017 साली 4, 2018 साली 13 आणि मग एकदम 33. जी यंत्रणा एका साध्या फेरफारासाठी माणसाला चार हेलपाटे घालायला लावते, ती या कामात मात्र दर वर्षी उद्दिष्टाच्या पुढे. 4 कोटींचे पाच कोटींवर झाले, 13 चे पंधरावर. उसालासुद्धा एवढा उतारा मिळत नाही.

हे साधतं कसं, ते पाहायला जुलैत लातूर-बीडकडच्या कुठल्याही गायरानावर जावं. खड्डे आधीच तयार असतात, बहुधा जेसीबीनं काढलेले, तळाला नुसता मुरूम. शाळेला अमुक रोपं, ग्रामपंचायतीला तमुक, पोलिस ठाण्याला इतकी, असं वाटप झालेलं असतं. पाहुणे येतात. एक रोप पुढे केलं जातं आणि त्या एका रोपाला अकरा हात लागतात. बाराव्याचा पोहोचत नाही, म्हणून तो झारी धरतो. खाली वाकायचं वय कुणाचंच राहिलेलं नसतं, त्यामुळे रोप छातीच्या उंचीवरच लावलं जातं, निदान फोटोत तरी. खरं खाली बसून लावायचं काम मजूर बाईचं. काळी पिशवी ब्लेडनं फाडायची, मातीचा गोळा न फुटू देता खड्ड्यात सोडायचा. पण मागून ‘आवरा, साहेबांना पुढच्या गावाला जायचंय’ अशी हाक आली की रोप पिशवीसकट आत जातं. मुळं त्या पिशवीतच गोल गोल फिरत राहतात. वर माती, त्यावर पाणी, शेजारी नावाची पाटी. पाटीची मुळं मात्र सिमेंटमध्ये असतात.

मग प्रश्न येतो, जगली किती?

2021 साली विधानसभेत सरकारनं सांगितलं, की चार वर्षांत एकट्या वन विभागानं 28 कोटी 27 लाख रोपं लावली आणि त्यातली 75.63 टक्के जगली. त्या दोन दशांश स्थळांसमोर माणूस आपोआप हात जोडतो. दहा हजारांतलं एकेक रोप हिशोबात! हे सांगायची वेळ आली, कारण विरोधात असताना जे या मोहिमेला थोतांड म्हणत होते ते सत्तेत आले होते आणि चौकशीसाठी आमदारांची समिती नेमत होते. म्हणजे ज्या मोहिमेची चौकशी, तिच्याच जिवंतपणाचा दाखला चौकशी करणाऱ्यांनी सभागृहात वाचला. झाडांच्या बाबतीत आपल्याकडे सर्वपक्षीय एकमत असतं ते असं.

पण त्या आकड्याची तारीख वाचा. ऑक्टोबर 2020 अखेर. आता, मराठवाड्यात ऑक्टोबर संपताना काय हिरवं नसतं? कुंपणाला रोवलेला खुंटसुद्धा पालवतो. त्या वेळी मोजणी करणं म्हणजे दिवाळीच्या फराळानंतर गावात उपाशी किती, हे विचारणं. झाडाची परीक्षा मेमध्ये असते. तेव्हा टँकर आधी माणसांकडे जातो, मग जनावरांकडे, आणि झाडाची पाळी येईपर्यंत रिकामा होऊन परततो. राखणदाराची मजुरी थकलेली असते, तोही निघून गेलेला. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. 2016 च्या उन्हाळ्यात तिथे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या शहराला पिण्याचं पाणी आगगाडीनं आलं, त्याच्या उशाच्या माळावर दहा महिन्यांच्या रोपाला कोण पाजणार?

यावर खात्यानं काढलेला तोडगा म्हणजे गिरिपुष्प. फांदी खोचली तरी जगते, पाणी मागत नाही आणि शेळी सहसा तोंड लावत नाही. टक्केवारीला याहून गुणी झाड नाही! फक्त ते मूळचं मध्य अमेरिकेचं. आपल्या पाखरांना त्यात ना धड फळ मिळतं ना घरटं. बरं, ते लावतात कुठे? पुणे, सोलापूर, नगरच्या गवताळ माळांवर. माळ म्हणजे रिकामी जागा, असं कागदावर ठरलेलं आहे. तिथे लांडगा राहतो, काळवीट चरतो, धनगराची मेंढरं फिरतात. नान्नजचं अभयारण्य तर माळढोकासाठीच झालं, आणि माळढोकाला लागतं मोकळं गवत. झाडांची गर्दी झाली की तो उठून जातो. पण गवताला आपल्याकडे उद्दिष्ट नाही, त्यामुळे त्याला वालीही नाही.

डेहराडूनची वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी उपग्रहावरून जंगल मोजते. 2017 च्या अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन 50,682 चौरस किलोमीटर, 2021 च्या अहवालात 50,798. वाढ 116. रोपटी लहान, वरून दिसत नाहीत, हे कबूल. पण त्या मोजणीत एक हेक्टरवर दहा टक्क्यांहून जास्त सावली पडली की आंब्याची बागही जंगलात धरतात, तेव्हा ते 116 सुद्धा नेमके कुणाचे, हे विचारू नये.

झाड लावल्याशिवाय जंगल येतच नाही, हा समज कुणी पसरवला कोण जाणे. झाडं तोडलेल्या टेकडीवर मुळं जमिनीखाली जिवंत असतात. तीन-चार पावसाळे शेळी आणि कोयता लांब ठेवा. पळस, बोर, धावडा, हिवर स्वतःहून फुटतात. हिवरे बाजार गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली आणि चारा मात्र कापून न्यायची मुभा ठेवली, म्हणजे गुराढोरांची उपासमार झाली नाही. कोकणातल्या देवराया तर निव्वळ धाकावर टिकल्या: वाळकी काटकी उचलली तरी देवी बघते. पण यात अडचण अशी, की न लावलेल्या झाडाचं उद्घाटन करता येत नाही. आपोआप फुटलेल्या पळसाशेजारी कुणाच्या नावाची पाटी रोवणार?

आणि याच काळात चौपदरीकरणासाठी रस्त्याकडेचे जुने कडुनिंब, चिंचा, वड आडवे झाले. सांगलीकडच्या भोसे गावचा वड 2020 मध्ये लोकांनी आरडाओरडा केला म्हणून वाचला. बाकीच्यांच्या बदल्यात रोपं लावली जातील असं ठरलं. शंभर वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात दहा काळ्या पिशव्या. हिशोबानं नऊ झाडं नफ्यात!

आमची मागणी लहान आहे. 1 जुलैला उत्सव जरूर करा, पण जोडीला 15 मेचाही ठेवा. तेच मान्यवर, तेच गायरान, वेळ दुपारी एक. प्रत्येकानं आपापल्या पाटीजवळ उभं राहून आपलं झाड दाखवायचं. फोटो काढू, जिओ-टॅग करू, सगळं करू. निधीत फक्त मंडपाचा खर्च धरून ठेवावा, सावलीची दुसरी सोय तिथे नसेल.