काड्या कशा कराव्यात

आमच्या बोदवडात काड्या करणारे पुष्कळ आहेत. त्यांना मार्गदर्शनाची गरज नाही. हा लेख आगपेटीच्या काड्यांपासून भूमितीतल्या घनाकृती बांधू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. हे काम कोणी करावे? शाळेच्या सूचनापत्रकानुसार विद्यार्थ्याने. प्रत्यक्षात विद्यार्थ्याच्या बापाने, रात्री साडेदहानंतर, विद्यार्थी झोपला की.

नियम पहिला : साहित्य घरातले घ्यावे आणि विचारून घेऊ नये. गॅस आता लायटरने पेटतो, त्यामुळे आगपेटी देवापाशी सापडते. मेणाच्या काड्या टाळाव्यात, खोचताना वाकतात. लाकडी काड्या घेऊन त्यांचे गूल ब्लेडने खरवडून काढावे. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला देवघरातून आवाज येईल, "हे काय करून राह्यले तुम्ही?" अशा वेळी गणिताचे पुस्तक चेहऱ्यासमोर धरावे.

नियम दुसरा : सांध्यांसाठी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणावी. आमच्याकडे तिला वॉलट्यूब म्हणतात. ही युक्ती अरविंद गुप्ता यांची. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर पुण्यात टेल्कोत ट्रक बनवायला लागला आणि १९७८ साली रजा घेऊन होशंगाबाद जिल्ह्यात खेड्यातल्या मुलांना विज्ञान शिकवणाऱ्यांत जाऊन बसला. तिथे स्वस्तात काय मिळते, तर काड्या आणि वॉलट्यूब. झाला मेकॅनो. पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेत त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबाद, म्हणजे आताचे नर्मदापुरम, लांब नाही, भुसावळला इटारसीकडची गाडी धरली की इटारसीच्या जरा पुढेच म्हणा ना. पण आमच्या घरी ही माहिती सांगितली तेव्हा विचारले गेले, की त्यांनी रजा घेतली होती, तुम्हाला कोणी दिली?

नियम तिसरा : भोक पाडायला काटा बाभळीचाच हवा. सुई चालत नाही. सुईचे भोक बारीक पडते आणि रबर लगेच मिटते. काटा टोकाला बारीक आणि पुढे जाड होत जातो, त्यामुळे भोक फाटत नाही, ताणले जाते. दीड सेंटिमीटरचा एक तुकडा म्हणजे दोन काड्यांचा सांधा. त्याच्या पोटात काट्याने भोक पाडून तिसरी काडी खोचली की तिघींचा. चौघींसाठी काटा एका तुकड्यातून आरपार घालायचा, टोक दुसऱ्या तुकड्याच्या पोकळीत शिरवायचे, दुसरा ताणून धरायचा आणि पहिला त्याच्यावर सरकवायचा. काटा अलगद काढून घेतला की चार पायांचे एक रबरी जनावर हातात उरते. रबराला थोडी थुंकी लावावी. हे कोणत्याही पुस्तकात नसेल, पण लावावी. काटा अंगठ्यात जातोच, त्याला नियम नाही.

नियम चौथा : घनापासून सुरुवात करू नये. मी केली. बारा काड्या, आठ सांधे, सगळे मापात. टेबलावर ठेवला आणि तो डाव्या कुशीवर निजला. उठवला, उजव्या कुशीवर निजला. रात्री पावणेबारा वाजता एक घन आणि एक गृहस्थ एकमेकांकडे बघत होते.

कारण साधे आहे. चौकोन कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. मॅक्सवेल नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८६४ साली हिशेब मांडला : कोपऱ्यांची तिप्पट करा, सहा वजा करा, निदान तेवढ्या काड्या हव्यात. घनाला अठरा लागतात, असतात बारा. म्हणजे सहा तोंडांवर सहा कर्ण घालायचे. पण चार सेंटिमीटरच्या बाजूचा कर्ण भरतो सुमारे ५.७ आणि एवढी काडी आगपेटीत येत नाही. मग अंगणातल्या खराट्याचे हीर तोडावेत. त्याचीही चौकशी होते.

चतुष्फलक सहा काड्यांत उभा राहतो, लाथ मारली तरी. अष्टफलक बारा काड्यांत. आणि विंशतिफलक! बारा कोपरे, तिप्पट छत्तीस, उणे सहा तीस. त्याला काड्या बरोबर तीसच लागतात, एक जास्त नाही, एक कमी नाही. प्रत्येक कोपऱ्यात पाच काड्या येतात, म्हणून चार पायांच्या जनावरात तिसरा तुकडा ओवून सहा पाय करायचे आणि एक रिकामा सोडायचा. शेवटची काडी बसेपर्यंत सगळे लोंबकळत असते. ती बसली की आख्खी वस्तू एकदम ताठ होते. हा क्षण मी चार वेळा पाहिला आहे. चारही वेळा घरात बाकी सगळे झोपलेले होते.

नियम पाचवा : द्वादशफलकाच्या नादी लागू नये. पंचकोन. चोवीस काड्या कमी. पापड.

नियम सहावा : शाळेच्या प्रदर्शनाआधी विद्यार्थ्याला निदान एकदा जागे करावे. परीक्षकांनी आमच्या मुलीला विचारले, "हा सांधा कसा केला?" ती म्हणाली, "पप्पांना माहीत." उत्तेजनार्थ मिळाले. कोणाला, ते प्रमाणपत्रावर नीट लिहिलेले नाही.

त्याच संध्याकाळी आमची माय, वय पंचाहत्तर, दादर ज्वारीचे धांडे घेऊन ओट्यावर बसली. साल सोलली, आतल्या पांढऱ्या गराचे तुकडे केले, सालीच्या काड्या त्यात टोचल्या. ती लहानपणी अशाच बैलगाड्या करायची. मुलगी शेजारी बसून टोचत होती. ना काटा, ना थुंकी, ना मॅक्सवेल. वीस मिनिटांत दोघींनी एक चतुष्फलक, एक अष्टफलक आणि एक बैल केला. बैल चार पायांवर उभा राहिला. मी मोजून पाहिले, त्याच्यात एकही त्रिकोण नव्हता.

तरी वॉलट्यूबचे आमचे काम थांबलेले नाही. जुनी विंशतिफलके उन्हाळ्यात वाळली. आपल्याकडच्या मे महिन्यात रबर आधी चिकट होते, मग तडकते. दुकानात विचारले तर सायकलींनाही आता मोटरसायकलसारखे व्हॉल्व्ह येतात म्हणे. बोदवड, मलकापूर, वरणगाव या भागात कोणाच्या माळ्यावर जुनी वॉलट्यूब पडून असेल तर कृपया कळवावे. बारा सांधे, प्रत्येकी तीन तुकडे, दीड-दीड सेंटिमीटरचे : ५४ सेंटिमीटर पुरे. रात्री साडेदहानंतर यावे आणि कडी वाजवू नये.